आईचा भिंतीवरचा फोटो

मावशी गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमायला लागली तरी पोट्टे मोबाइल चाळतच बसले होते. शेवटी कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढली, मोठी केली, फ्रेम केली. सगळं बरं झालं, फक्त मावशीच्या खांद्यावर एक हात राहून गेला. हिरव्या बांगड्यांचा हात, आणि बाईचा पत्ता नाही. बुद्धवंदना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि आई न् मी त्या हाताकडे टक लावून पाहत होतो.

परत येताना ऑटोत आईनं जाहीर केलं, "माझा भिंतीवरचा फोटो मले जिवंतपणी पाहिजे. अन् यायच्या हातचा पाहिजे."

यायच्या म्हणजे माझ्या बाबांच्या. बाबा शेजारीच बसले होते. ते "बरं" म्हणाले, जसं कोणी कोथिंबीर आणायला सांगितली.

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर लोकांच्या चुका काढायचा पगार घेते, आणि ती सवय घरी आल्यावर चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. मी लगेच म्हटलं, हातात एवढा चांगला मोबाइल आहे, आत्ता इथंच काढते की. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाइल मुकाट्यानं पर्समध्ये टाकला.

बाबा एकेकाळी आमच्या वस्तीचे फोटोग्राफर होते. आधी मिलमध्ये नोकरी होती आणि कॅमेरा हौसेचा होता. मिल बंद पडली आणि हौसेवर घर चालायला लागलं. लग्न, साखरपुडा, बारसं, विहारातला कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, जिथं तिथं बाबा. पार खापा गावापर्यंत अशी घरं आहेत जिथं भिंतीवर बाबांच्या हातचे फोटो लागलेले आहेत. आमच्या घरात मात्र आईचा फोटो नाही. आम्हा पोरांचे आहेत; लग्नाच्या रोलवर शेवटी एखादी फ्रेम उरली की आम्हाला पकडून उभं करायचे. आईचेही काढायचे बरं का. दर सणाला काढायचे. दसऱ्याला पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर जायच्या आधी ती दारात उभी राहायची, बाबा फ्लॅश मारायचे, आम्ही पाहायचो. पण तिचा फोटो कधी आलाच नाही. विचारलं तर तो रोल धुताना गेला, त्या रोलवर उजेड पडला, अशी काहीतरी भानगड असायची. दिव्याखाली अंधार, म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

आता बाबांच्या डोळ्यांचं सांगते. डोळ्याचा पडदा खराब झालाय. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचा शर्ट दिसतो, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. इंजेक्शनं चालू आहेत, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, आणि तेही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. हे मी आईला सांगितलं होतं, बाबांना नाही. म्हणून ऑटोत तिनं जे मागितलं त्यात घाई होती. फोटो काढायचा तर याच उन्हाळ्यात.

लोखंडी कपाटातून कॅमेरा निघाला. फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरासारखा. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. खालचं झाकण उघडलं तर आतला सेल फुटून हिरवी बुरशी धरलेली. मी लिंबाचा रस आणि कानातली काडी घेऊन ती घासून काढली. मागच्या झाकणाला उजेड अडवायला फोमची पट्टी असते, तिचं चिकट डांबर झालं होतं. ते आगकाडीनं खरवडलं आणि नवी पट्टी चिकटवली. नवा सेल टाकला, दाबलं, आणि आवाज आला. खट्. अख्खं लहानपण त्या आवाजात गेलं होतं आणि इतकी वर्षं तो मी विसरून गेले होते.

फ्लॅश वेगळा होता, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा. तो हातात घेतला आणि मला बाबांचा खाली फ्लॅशचा, म्हणजे रिकाम्या फ्लॅशचा, किस्सा आठवला. रोल मोजका असायचा आणि लग्नात नवरदेवाच्या फुफापासून, म्हणजे आत्याच्या नवऱ्यापासून, आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना आपला वेगळा फोटो पाहिजे असायचा. नाही म्हणायची सोय नाही, वऱ्हाडी रुसले तर पुढचं काम गेलं. मग अशा माणसाला बाबा मस्त उभं करायचे, मान सरळ करायला लावायचे आणि फ्लॅशच्या पाठीमागचं छोटं बटण दाबायचे. ते बटण फ्लॅश चालतो का हे पाहायला असतं. त्यानं नुसता लखलखाट होतो, कॅमेरा बंदचा बंद. फुफा खूश, रोल शाबूत. सगळेच फोटोग्राफर असं करायचे. बाबा हे साग्रसंगीत करून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. आई तेव्हा चहा ठेवायला उठायची.

सदर भागातल्या एका दुकानात अजून रोल मिळतो आणि धुऊनही देतात. तिथून रोल आणला. रविवारी आईनं जांभळी साडी नेसली, पावडर लावली, कानात ठेवणीतले डूल घातले आणि हॉलमधल्या भिंतीजवळ खुर्ची टाकून बसली. रोल बाबांनी हाताच्या अंदाजानं भरला. कूलर फुल्लवर चालू होता. तो चालू असला की आमच्या घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मी स्वयंपाकघरात होते. भिंतीवर लख्ख लख्ख उजेड पडत होता आणि मधूनमधून बाबांचं ओरडणं ऐकू येत होतं, हनुवटी खाली घे, अजून, हं. किती वर्षांनी त्यांचा आवाज असा हुकमी झाला होता. मी पोळ्या लाटता लाटता खूश.

रोल धुऊन आला तो कोरा. एक म्हणजे एक फोटो नाही, स्वच्छ काचेसारखी पट्टी. मी दुकानातच उभी राहिले बावळटासारखी. दुकानदार म्हणाला, फिल्म आतल्या दांडीत अडकलीच नाही, जुन्या माणसांकडून होते असं. मी घरी आले आणि बाबांवर तोंड सोडलं. दिसत नाही तर कशाला भरायचा हातानं, मला का नाही सांगितलं, वगैरे. बाबा एवढंच म्हणाले की अडकवली होती, बोटाला समजते. मी कशाला ऐकते.

दुसरा रोल मी स्वतः भरला, मोबाइलवर व्हिडिओ लावून. फिल्म पुढं सरकते की नाही हे वरची चकती फिरते त्यावरून समजतं, तेही पाहिलं. खात्री म्हणून सुरुवातीचे काही फोटो मीच काढले. कूलरचा काढला, शेजारच्यांच्या मांजरीचा काढला, बाबांचा काढला. मग आईला बसवलं आणि कॅमेरा बाबांच्या हातात दिला. मी बाहेर कूलरच्या टाकीत पाणी भरत होते, खिडकीतून लखलखाट दिसत होता.

रोल आला. कूलर आला. मांजर आली, मिशांसकट. बाबा आले, झकास. आणि तिथून पुढं कोरं. आईचा एकही नाही.

माझं डोकंच आउट झालं. हे काय भूत आहे की काय, की बाकी सगळी दुनिया येते आणि एक बाई येत नाही? दुकानदारानं कॅमेरा ठेवून घेतला, दुसऱ्या दिवशी परत दिला आणि म्हणाला काही खराबी नाही. मी म्हटलं खराबी नाही तर फोटो कुठं गेले? तो म्हणाला, मग मॅडम, रोल खराब असेल. रोल तुम्हीच विकला, मी म्हटलं. त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येऊन मी हे सगळं आरडाओरडा करून सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती हसून म्हणाली की कॅमेऱ्याले मीच दिसत नसन. मला इतका राग आला की तिच्यावरही ओरडले, इथं मी मरमर करून राहिली आणि तुला मस्करी सुचते.

मग मी स्वतःच छडा लावायचं ठरवलं. मोबाइलवर शोधलं तर एक सोपी रीत मिळाली. कॅमेऱ्यात रोल घालायचाच नाही. मागचं झाकण उघडं ठेवायचं, मागून आत पाहायचं आणि समोरून बटण दाबायला सांगायचं. कॅमेऱ्याच्या आतला पडदा उघडला तर क्षणभर उजेड दिसतो. नाही उघडला तर अंधार. मी कॅमेरा स्टँडवर लावला, आधी स्वतः दाबून पाहिलं. खट्, आणि पापणी लवावी तसा उजेड. उत्तम. म्हटलं आता बाबांनी दाबायचं, आणि जसं खरंच काढता तसंच काढायचं, आईला बसवून. कारण बिघाड झाला तर तिच्याच वेळी होतो. आई पुन्हा जांभळी साडी नेसून आली. रोल नाही, फोटो निघणार नाही, घरच्या गाऊनवर बस, असं मी म्हटलं तरी नेसली.

बाबांची एक लकब होती. भिंगातून पाहून सगळं जुळवायचे, मग डोकं वर काढायचे आणि थेट माणसाकडे पाहत बटण दाबायचे. त्यामुळं मला मागून पाहायला जागा होती. मी कॅमेऱ्याच्या मागं स्टुलावर बसले, डोळा उघड्या झाकणाशी नेला. तेवढ्यात लाइन गेली. कूलर घरघर करत थांबला आणि घरात एकदम शांत झालं. पाण्याचे थेंब टाकीत पडत होते तेवढे ऐकू येत होते. मी म्हटलं असू द्या, फ्लॅश सेलवर चालतो, काढा.

"हनुवटी खाली घे," बाबा आईला म्हणाले. "अजून. हं."

लखलखाट झाला. माझ्या डोळ्यापुढं काळाकुट्ट अंधार. मला वाटलं मीच पापणी मिटली. म्हटलं पुन्हा. पुन्हा लखलखाट, पुन्हा अंधार. आणि तेव्हा लक्षात आलं की आवाजही नाही. खट् नाही. नुसतं फ्लॅशचं बारीकसं टप्. मी कॅमेऱ्यापासून डोकं वर केलं आणि बाबांच्या हाताकडे पाहिलं.

त्यांचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर नव्हतं. ते वर होतं, फ्लॅशच्या पाठीवर, त्या छोट्या बटणावर. मी पाहत असतानाच त्यांनी ते पुन्हा दाबलं. आणि लगेच अंगठ्यानं फिल्म पुढं सरकवायचा खटका जरासा हलवला, नुसता हलवल्यासारखा, समोरच्याला वाटावं की फोटो निघाला. किती सराईत हात. मी कपाटात, सेलमध्ये, सदरच्या दुकानात बिघाड शोधत फिरले होते आणि बिघाड हा इथं होता, माझ्या बापाच्या बोटात.

मी स्टुलावरून उठले.

"बाबा, तुमचं बोट कुठं आहे?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे. बटनावर."

मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं चाचपायला लावला. आधी फ्लॅश, मग खालचं कॅमेऱ्याचं बटण. त्यांनी दोनदा चाचपलं. मग त्यांचा चेहरा जो पडला तो मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं होतं, चोरी पकडल्यासारखे कावरेबावरे होतील. तसं काही नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. ते दिवाणावर मटकन बसले आणि हात उलटासुलटा करून त्याच्याकडे पाहायला लागले, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

मग हळूहळू सांगितलं. रोल गिऱ्हाइकाचा असायचा. सणाच्या दिवशी ही सजून दारात उभी राहायची, नाही कसं म्हणायचं. म्हणून पहिल्यांदा खाली फ्लॅश मारला, मनात म्हटलं पुढच्या रोलवर खरा काढू. पुढच्या रोलला दुसरं लग्न असायचं. मग सवयच लागली. ही समोर आली की बोट आपोआप वर जायचं. पुढं कॅमेराच कपाटात गेला आणि ते हे सगळं विसरले. बोट विसरलं नाही.

म्हणजे धुताना गेलेले रोल, उजेड पडलेले रोल, सगळं खोटं. ज्या किस्स्यावर आम्ही पोट धरून हसलो त्यातला फुफा दर सणाला आमच्या दारात उभा होता, पांढरी साडी नेसून. मला हुंदका आला, आणि मला हुंदका आला की मी भांडते. बाबांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बोलता बोलता आईकडे पाहिलं. ती खुर्चीवर तशीच बसून होती. बाबांनी सांगितली तशी हनुवटी खाली घेऊन.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून?

"पयल्यापासून. खट् आवाज येत नोहता न."

"मग काहून उभी राहत होती?"

"दिवसभर दुनियेकडं पाहत. माझ्याकडं पाहाले तेवढाच टाइम होता यायले." तिनं डूल नीट केला. "या वक्ती वाटलं, कूलर चालू हाये म्हणून आवाज येत नसन."

हे ऐकलं आणि मी सपशेल खचले. आजवरचं तिनं गिळलं होतं, ते एकवेळ समजलं. पण या उन्हाळ्यात, या दोन रविवारी, तिला वाटत होतं की हा फोटो खरा आहे. बाबांच्या डोळ्यातून पाणी येत होतं. इंजेक्शनामुळं तसंही येतं, पण ते त्यामुळं नव्हतं.

मी उठले. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उपटून काढला आणि कपाटात फेकला. नवा रोल भरला. आईची खुर्ची बाहेर व्हरांड्यात टाकली, तिथं संध्याकाळचं ऊन येतं. स्टँड लावला, आईपासूनचं अंतर मीच जुळवून दिलं आणि बाबांना धरून कॅमेऱ्यापाशी उभं केलं. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, काढायचा म्हणजे काढायचा.

हनुवटी खाली, अजून, हं. आणि बाबांचं बोट वर गेलं. फ्लॅश नव्हता, तरी गेलं. रिकाम्या जागेत जरा वेळ तसंच राहिलं. मग ते खाली आलं. खट्. मी त्यांचा हात सोडला नाही, नजर हटवली नाही. पुन्हा खट्. पुन्हा. सगळा रोल संपेपर्यंत मी पोलिसासारखी त्या एका बोटावर पहारा देत उभी होते.

रोल आला आणि सगळे फोटो आले. ऊन सुरेख पडलं होतं. जांभळी साडी, डूल, भिंत, सगळं जागच्या जागी. आणि प्रत्येक फोटोत आईचे डोळे मिटलेले. एकूण एक. आयुष्यात पहिल्यांदा समोरून खट् आवाज आला आणि प्रत्येक वेळी ती दचकली होती. बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसला असता, पण मी बोट पाहत होते.

मी घरी येऊन फोटो टेबलावर ठेवले आणि कसं सांगायचं याचा विचार करत राहिले. पुन्हा काढता आला असता असं कोणी म्हणेल. पण मधल्या दिवसांत बाबांच्या डोळ्यात आणखी धुकं उतरलं होतं, चहाचा कप हातात द्यावा लागत होता. त्यांनी एक फोटो उचलला, डोळ्याच्या कडेशी नेला, तिरपा केला, परत सरळ केला.

"डोळे उघडे हायेत न?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. आईनं त्यांच्या हातातून फोटो घेतला आणि चांगला निरखून पाहिला.

"उघडे हायेत," ती म्हणाली. "तुमच्याकडंच पाहून राहिली मी."

बाबा म्हणाले, मग हाच फ्रेम कर. मी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करून आणला.